भिवराबाईंच्या घरची वाटणी

पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर वंशावळ छापलेली असली, की भावना भोईरला ते पुस्तक न वाचताच अर्धं आवडलेलं असायचं. सगळ्यात वर मूळ पुरुष, त्याखाली त्याची मुलं, त्यांच्या बायका, मग नातवंडं. कुणाच्या नावापुढे ‘निपुत्रिक’, तर कुणाच्या पुढे ‘दत्तक’. त्या फांद्यांवरून बोट फिरवत ती आधी घरातल्या सगळ्यांची ओळख करून घ्यायची. ‘निपुत्रिक’ वाचलं की त्या बाईबद्दल तिला तिथेच वाईट वाटायला लागायचं. आणि ‘दत्तक’ दिसलं की ती मांडी ठीक करून बसायची, कारण आता भांडण होणार हे नक्की, आणि तेही चांगलं दोन-तीनशे पानं पुरेल असं.

तिला जुन्या काळच्या कादंबऱ्या लागायच्या. गढी, पागा, दिवाणखाना, सनदा, वतनं. त्यातही तिचा जीव लढाईपेक्षा लढाईला गेलेल्यांच्या घरात अडकलेला असायचा. तोफा आणि मोर्चे ती वाचायची, नाही असं नाही, पण लग्नघरातले पाहुणे पांगल्यावर घरच्या बायकांत येऊन टेकावं, तसं तिला माजघरात परतल्यावर बरं वाटायचं. कोण रुसलं, कुणी कुणाला मुद्दाम शेवटी वाढलं, थोरल्या जावेने धाकटीच्या हातचं पाणी का परतवलं, हे सगळं वाचताना तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की बघणाऱ्याला वाटावं हिला कुणीतरी माहेरची खुशाली सांगतंय.

माहेर तिचं भिवंडीजवळच्या वळ गावचं. बाप दामू पाटील भाताची शेती करायचा. पोरगी अभ्यासात बरी म्हणून त्याने तिला भिवंडीच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकवलं, आणि कॉलेजच्या त्या दोन वर्षांत तिला तिथल्या वाचनालयाचा नाद लागला तो लागलाच. मग लग्न होऊन ती दिघाशीला आली. नवरा भूपेश टेम्पो चालवणारा, स्वभावाने शांत. सासू ठमाबाई मात्र कडक. नवी सून चुलीपुढे पुस्तक घेऊन बसलेली बघून ठमाबाई एकदाच म्हणाली होती, “बुक वाचून भात शिजतो काय गो?” भावनाने पुस्तक मिटलं, आणि मग मुलगी झाली, शेती होती, म्हशी होत्या. बरीच वर्षं ते मिटलेलंच राहिलं.

मुलगी मेघाली नर्सिंग शिकायला कल्याणच्या हॉस्टेलवर गेली तेव्हा घर एकदम रिकामं झालं. त्याच सुमारास वळच्या एका गोदामात बायका घेतायत असं कळलं आणि भावना पॅकिंगला लागली. दिघाशीहून वळला जायचं तर भिवंडीत गाडी बदलावी लागते. एका संध्याकाळी घरी परतताना दुसरी गाडी भरायची होती, ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला, आणि ती पाय मोकळे करायला म्हणून बाजारपेठेत शिरली ती थेट वाचनालयाच्या जिन्यावर. टेबलाशी ग्रंथपाल आसावरीताई बसलेल्या. त्यांना भावना आठवत होती असं नाही, पण त्यांनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, “हवं ते बघा. घाई नाही.” जुन्या कागदाचा तो वास आला आणि भावनाची ती गाडीही चुकली, तिच्यामागची पण चुकली.

त्यानंतर घरात पुन्हा पुस्तकं दिसू लागली. आता ठमाबाई काही बोलली नाही. एक तर तिचं वय झालं होतं, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी तिची टीव्हीवरची मालिका असायची. त्यातल्या सासवा-सुनांत ती इतकी गुंतलेली असायची, की खरी सून काय करते याकडे बघायला तिला फुरसत नव्हती.

मग एका संध्याकाळी वीज गेली.

मालिकेत नेमकी सून घर सोडून निघाली होती, बॅग उंबऱ्यापर्यंत आली होती, आणि टीव्ही बंद. ठमाबाईने वीज मंडळाच्या सात पिढ्या उद्धरल्या. भावना चार्जिंगचा दिवा लावून ओटीवर वाचत बसली होती. तिला त्यातल्या एका वाक्यावर फस्कन हसू आलं.

“काय झाला गो हसाला?” ठमाबाई फणकारली. “हितं माजी मालिका गेली नि तू दात काढतंस.”

“तुमच्यावर न्हाय आई. या पुस्तकातली सासू हाय ना, भिवराबाई, ती सुनेला बोलते, ‘तुझ्या माहेरच्या हत्तीवरून उतर, मग स्वयंपाकघरात ये, दार लहान आहे.’”

ठमाबाईच्याही ओठांचा कोपरा हलला. “बराबर बोलली. सून कुनाची?”

“मोठ्या सरदाराची. सगुणा नाव.”

“तरी बोललू. असं कर, मोठ्यानी वाच. मना पन कलू दे.”

अशी सुरुवात झाली. कादंबरी जाडजूड होती. वसईच्या मोहिमेच्या काळातलं कोकणातलं एक देशमुख घराणं, नवऱ्यामागे सगळा कारभार हाकणारी भिवराबाई, थोरला मुलगा रायाजी, धाकटा बाळोजी, आणि दोघांच्या बायका, त्यात धाकट्याची ती सगुणा. भावना रोज एक प्रकरण वाचायची. वीज आली तरी ठमाबाई हाताने खूण करायची, राहू दे म्हणून. मालिकेतली सून बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती ती उभीच राहिली. तिचं पुढे काय झालं ते दिघाशीच्या भोईरांच्या घरात कुणाला कळलं नाही.

ठमाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकायची तिची एक पद्धत होती. ती मध्येच थांबवायची. “थांब. घरात येवढी मानसा, मंग पानी कोन भरतं?” भावना मागची पानं चाळायची. लेखकाने ते लिहिलेलंच नसायचं. “बग,” ठमाबाई म्हणायची, “लिवनारा पुरुष असंल.” लढाईचं वर्णन आलं की ती सुपारी कातरायला घ्यायची आणि कुणी मेलं का तेवढं विचारायची. पण माजघरात कुजबुज सुरू झाली की अडकित्ता थांबायचा.

भांडण ठरलेलं असायचं. भावना सगुणेच्या बाजूची, ठमाबाई भिवराबाईच्या.

“नवरा लढाईला गेलेला, पोरगी एकटी पडली, आणि ही तिला भरल्या घरात बोलते,” भावना पुस्तक आपटून म्हणायची. “याला काय अर्थ?”

“तिचा नवरा गेलाय, तर भिवराचा पोरगा न्हाय गेला?” ठमाबाईही आवाज चढवायची. “रडाला येळ कुनाला हाय? चाळीस मानसांचा सैपाक हाय!”

एकदा अशीच खडाजंगी चालू असताना ठमाबाई बोलता बोलता एकदम थांबली. खाली बघत म्हणाली, “मी पन तुला तवा बोललू होती. बुकावरनं.”

एवढ्या वर्षांत सासूने ते लक्षात ठेवलं असेल असं भावनाला वाटलंच नव्हतं.

“वाच पुढं,” ठमाबाईने लगेच फर्मावलं. “तोंड काय बगतंस?”

भूपेश या सगळ्यात नव्हता, निदान तसं दाखवत तरी नव्हता. तो अंगणात खाटेवर मोबाइल घेऊन पडलेला असायचा. दिवसभर गोदामांच्या फेऱ्या मारून आलेल्या माणसाला सासवा-सुनांच्या कटकटी ऐकायची हौस नाही, असं तो म्हणायचा. फक्त भावना वाचायला बसली की मोबाइलचा आवाज आपोआप कमी व्हायचा, हे तिच्या बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं.

आता कादंबरी निम्म्यावर आली आणि तिथे वाटणीचं प्रकरण निघालं. बाळोजी मोहिमेवर असताना इकडे रायाजीने कारभाऱ्याला हाताशी धरून परस्पर वाटणीचे कागद केले. खाडीला बांध घालून केलेली चांगली खारजमीन आपल्याकडे, डोंगराकडची धाकट्याला. भिवराबाईला पत्ता नाही. ते प्रकरण वाचून झालं तेव्हा ठमाबाईचे डोळे लाल झाले होते. सकाळी उठली तरी तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. शनिवार होता, भावनाला सुट्टी. ती अंगण झाडत होती आणि ठमाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता जळफळत होती.

“धाकल्याला कलवला पन न्हाय गो! परस्पर वाटनी केलीन! पाठचा भाव हाय, काय वैरी हाय?”

“आता काय उपयोग आई?” भावना झाडू टेकवून म्हणाली. “कागद झाले. जमीन गेली त्याच्या हातची.”

“जित्या आईला इचारला न्हाय! मी असती तर कागद चुलीत घातलं असतं!”

नेमकी त्याच वेळी कुंपणापलीकडून गोदू चालली होती. शेजारची गोदू कोथिंबीर मागायला निघाली होती. ती ऐकून जागच्या जागी थबकली आणि कोथिंबीर न मागताच मागे फिरली. तिचा काही वाईट हेतू नव्हता, हे भावनाने पुढे नेहमी आवर्जून सांगितलं. त्या भागात आजकाल वाटणी म्हटलं की कुणाचेही कान उभे राहतात. रस्त्याकडच्या शेतांना गोदामवाल्यांचे दलाल घिरट्या घालतायत, भाऊ-भाऊ तहसील कचेरीत समोरासमोर उभे राहतायत. भोईरांचंही एक शेत रस्त्याला लागून होतं. गोदूच्या पोटात ती बातमी ठरेना. तिची भाची भिवंडीत कामतघरला राहायची, भोईरांच्या धाकट्या मुलाच्याच चाळीत. गोदूने तिला फोन लावला.

तो धाकटा म्हणजे जीवन. बारा-पंधरा वर्षांपूर्वी कामतघरला गेला आणि कापडाच्या लूमची दुरुस्ती करणारा फिटर झाला. बायको नेत्रा शिवणकाम करायची. भावाभावांत वाकडं काही नव्हतं, पण सणाला येणं, जेवणं आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट आहे म्हणून निघणं, एवढंच उरलं होतं.

रविवारी सकाळी जीवनची मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. सण नाही, वार नाही. मागे नेत्रा, डोळे सुजलेले. भावना कौतुकाने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“पाणी नको, वहिनी,” जीवन म्हणाला. “दादा कुठाय?”

भूपेश टेम्पो धूत होता. हात पुसत आला. “अरे, आज कसा काय? फोन तरी करायचा.”

“फोन मी करायचा?” जीवन एक पाऊल पुढे आला. “फोन तू करायचा होतास दादा. वाटणी करायची होती तर एक फोन. मी काय मना केलं असतं? पण परस्पर कागद? भाई है ना मैं तेरा?” लूमवर दिवसभर हिंदी बोलून त्याला रागातही हिंदीच यायची.

भूपेश त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. “कसली वाटनी?”

“आता कसली वाटणी! सगळ्या कामतघरला माहीत झालंय, तुलाच माहीत नाही?”

“हे बग जीवन, दलाल आलेला दोनदा, मी त्याला बाहेरच्या बाहेर लावला. तुलाच वाटनी पायजे असंल तर सरळ बोल. माज्यावर आळ कनाला घालतंस?”

“मला पाहिजे? मला?”

आवाज वाढले. नेत्राने पदर तोंडाला लावला. समोरच्या दोन घरांची दारं हळूच उघडली. भावना तांब्या हातात घेऊन उभी, तिला या रागाचं टोक सापडेना. एवढ्यात मागच्या दाराने ठमाबाई आली. म्हशीला वैरण घालून आली होती. तिला अर्धवट ऐकू आलं, ‘वाटणी’, ‘परस्पर’, ‘धाकटा भाऊ’. घरात सगळे जमून त्याच विषयावर बोलतायत हे बघून तिला फार बरं वाटलं. ती सरळ मध्ये शिरली.

“मोठ्याचीच चूक हाय!” तिने ठणकावून सांगितलं. “मी कालपासून तेच सांगतंय. धाकल्याला फसवलान त्यानं!”

समोरच्या दारांमागून दोन-चार डोकी पुढे आली.

“बघ,” जीवन भावाकडे बोट करत म्हणाला. “आई पण बोलते.”

भूपेश आईकडे वळला. “आये, मी फसवला? मी कवा फसवला याला?”

“तू?” ठमाबाई म्हणाली. “तुजा काय संबंध? तू कुटं मधी आलास?”

भावनाला सगळं एकदम उमगलं, काल सकाळचा झाडू, निवडायचे तांदूळ, कुंपणापलीकडे हललेलं गोदूचं लाल लुगडं. आणि तिला हसू आलं. साधंसुधं नाही. ती खालीच बसली, तांब्या बाजूला ठेवला, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हलायला लागली. तिला बोलायचं होतं पण शब्द फुटेना. नेत्राला वाटलं वहिनीला काहीतरी झालं. ती रडायचं विसरून धावली.

“रायाजी,” भावना कसंबसं म्हणाली. “अगं, रायाजी... बाळोजी...”

“कोण रायाजी?” जीवनने दरडावून विचारलं. “दलाल आहे का?”

त्यावर तर भूपेशही फुटला. खाटेवर बसून त्याने कपाळाला हात लावला आणि खदाखदा हसायला लागला. जीवन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. भावना उठली, आत गेली, आणि ते जाड पुस्तक आणून तिने त्याच्या हातात दिलं. खूण म्हणून घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा वाटणीच्या प्रकरणातच होता.

“हे घ्या भावजी. हीच ती वाटणी. पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी झालेली. तुमच्या दादाचा यात एक गुंठा न्हाय.”

जीवनने पान बघितलं. उलटलं. पुन्हा बघितलं. “म्हणजे हे... पुस्तकातलं?”

“तर!” ठमाबाई अजून आपल्याच तारेत होती. “त्या रायाजीला काय कमी होता? पन नाय. बायकोचा आयकलान.”

“बायकोने सांगितलंच नव्हतं त्याला,” भावनाने हसता हसताही तिची चूक काढली. “तुम्ही उगाच तिच्यावर घालता आई.”

सगळ्यात आधी नेत्रा मोकळी झाली. तिचं हसणं शिट्टीसारखं बारीक होतं, ते थांबेना. जीवनला मात्र लाज वाटत होती आणि लाजेने तो आणखी चिडल्यासारखा करत होता. “मी सुट्टी टाकून आलो,” तो म्हणाला. “रात्रभर डोळा लागला नाही माझा. आणि तुम्ही इथे कादंबऱ्या वाचताय.” मग जरा थांबून त्याने पुस्तक भावनाकडे सरकवलं. “काय लिहिलंय ते वाच तरी. ज्याच्यासाठी मी धावत आलो ते कळू दे मला.”

भावनाने तिथेच ओट्यावर बसून वाचायला घेतलं. रायाजी कारभाऱ्याला बोलावतो तिथपासून. समोरच्या घरांची दारं आता सताड उघडी होती आणि गोदू कुंपणाला टेकून उभी होती, अपराध्यासारखी, पण कान इकडेच. भावनाचा आवाज वाचताना बदलायचा. कारभाऱ्याचा घोगरा, भिवराबाईचा संथ आणि धारदार. बाळोजी घरी परततो, आईच्या पाया पडतो, आणि आईला काही माहीत नसताना तिच्याचकडे विचारतो की माझं चुकलं काय, तिथे ती आली तेव्हा जीवनने मान वळवून भलतीकडेच बघायला सुरुवात केली.

प्रकरण संपलं. मग जीवन म्हणाला, “पुढे काय होतं?”

“पुढचं मीही वाचलेलं न्हाय.”

“मग वाच की.”

“जेवण कोण करील?”

“मी करते,” नेत्रा म्हणाली, “पण मोठ्याने वाचा वहिनी, चुलीपर्यंत आलं पाहिजे.”

त्या दिवशी भोईरांच्या घरी दुपारचं जेवण उन्हं कलल्यावर झालं. पुढच्या प्रकरणात किल्ल्याला वेढा पडला होता आणि भावना जरा भराभर वाचायला लागली तर भूपेशने हटकलं. “हळू. सुरुंग कुठल्या बुरुजाला लावला ते नीट वाच. मागं बोललेली समुद्राकडच्या, आता बोलतेस जमिनीकडच्या.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“तुम्ही ऐकता?” भावनाने विचारलं.

“कानावर पडतं,” भूपेश म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

निघताना जीवन गाडीला किक मारायची सोडून उभा राहिला. भूपेश जवळ गेला. दोघं थोडा वेळ टायरकडे बघत राहिले. मग भूपेशच म्हणाला, “त्या शेताचा कधी काही करायचा झाला ना, तर आपन दोघं बसू. आयेला मधी बसवू. तुझ्याशिवाय मी कागदाला हात लावनार न्हाय.”

“मला माहीत आहे रे,” जीवन म्हणाला. “म्हणून तर एवढं लागलं.”

भावनाने ते दारातून ऐकलं. आपल्या आवडीच्या पुस्तकांतली माणसं असलं काही बोलायला चारशे पानं लावतात, आणि मग बोलतात तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो, असं तिच्या मनात आलं. तिला खूप आनंद झाला. तिने नेत्राच्या पिशवीत दोन मूठ जास्तच तांदूळ भरले.

पुढच्या रविवारी मोटारसायकल पुन्हा आली. मग दर रविवारी यायला लागली. जीवन रविवारची ओव्हरटाइम ड्युटी टाळू लागला. शेठने विचारलं तर म्हणाला, “गांव में काम है.” आठवड्याभरातली प्रकरणं भावनाने त्यांच्यासाठी राखून ठेवायची असा करार झाला, पण ठमाबाईला धीर निघायचा नाही. मग बुधवार-गुरुवारी ती हळूच म्हणायची, “येकच पान वाच. कोनाला सांगू नको.” गोदूही यायची. पहिल्या दिवशी चूक भरून काढायला म्हणून कोथिंबिरीची जुडी घेऊन आली होती, पुढे नुसतीच यायची.

एका रविवारी जीवन येताना भिवंडीच्या मच्छीबाजारातून ताजे बोंबील घेऊन आला. नेत्राने ते साफ करून मीठ-हळद लावून ठेवले. आणि तिकडे ओट्यावर भिवराबाईचं दुखणं वाढलं. दोन्ही मुलं तिच्या उशाशी आली. सगुणेने तिच्या तोंडात पाणी घातलं. आयुष्यभर जिच्याशी भांडली, तिच्याच हातचं पाणी घेऊन भिवराबाईने डोळे मिटले. भावनाला शेवटचं वाक्य नीट वाचता आलं नाही, अक्षरं पुसट झाली.

ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. मग आत ओरडून म्हणाली, “नेत्रे, ते बोंबील झाकून ठेव. आज न्हाय शिजवायचं.”

“का आई?” जीवन उठून बसला. “ताजे आहेत!”

“घरातला मानूस गेलाय आनि तू बोंबील खातंस?”

“आई, ती पुस्तकातली बाई आहे.”

“मंग? आपल्याकडं तीन म्हयनं होती ती.”

त्या दिवशी भोईरांच्या घरी वरण-भात झाला. बोंबील फ्रीजमध्ये गेले. जीवनने दोनदा फ्रीज उघडून बघितला आणि दोन्हीदा ठमाबाईने खाकरून त्याला जागेवर आणलं. गोदूने विचारलं, उद्या तरी चालतील का, तेव्हा ठमाबाईने विचार करून सांगितलं की उद्या चालतील, लांबचं नातं आहे.

कादंबरी संपायला फार दिवस लागले नाहीत. भिवराबाईच्या मागे दोन्ही भावांनी कागद मोडले, खारजमिनीचा बांध पुन्हा एकत्र घातला, आणि सगुणा त्या घराची कर्ती झाली. शेवटच्या प्रकरणात तिची स्वतःची सून उंबऱ्याशी उभी राहते आणि सगुणा तिला काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडते, तेवढ्यावर पुस्तक मिटतं. ते ऐकून ठमाबाई मांडीवर थाप मारून हसली. “आली वळनावर!” सोमवारी भावना वाचनालयात गेली तेव्हा तिने पुस्तक पिशवीतून बाहेर काढलं, पण टेबलावर ठेवेना.

“आवडलं का?” आसावरीताईंनी विचारलं.

भावनाला खूप सांगायचं होतं. वाटणीचं, बोंबलांचं, नवऱ्याच्या लाल झालेल्या कानांचं. मागे माणसं उभी होती म्हणून ती एवढंच म्हणाली, “ताई, याची मुदत अजून वाढवता येईल का? माझ्या जावेचं सुरुवातीचं राहिलंय. आणि दिराचं पण.”

आसावरीताईंनी शिक्का मारून दिला.

तर सध्या दिघाशीला रविवारी दुपारी तेच पुस्तक दुसऱ्यांदा चालू आहे, अगदी पहिल्या पानापासून. वाचते मात्र नेत्रा. तिला सुरुवातीला जोडाक्षरं अडायची, आता आवाज काढण्यात ती भावनाच्याही पुढे गेली आहे, आणि तिचा कारभारी ऐकून गोदूला खराच राग येतो. भावना आयुष्यात पहिल्यांदाच नुसती ऐकत बसते, पाय पसरून, डोळे अर्धवट मिटून. आधी घाईत हातून सुटलेल्या कितीतरी गोष्टी तिला आता सापडतात. सगुणा पहिल्यांदा घरात आली तेव्हा भिवराबाईने रात्री तिच्या अंगावर स्वतःची शाल टाकली होती, हे तिने मागच्या खेपेला चक्क नजरेआड केलं होतं.

एकच अडचण आहे. ठमाबाईला आता सगळं पुढचं माहीत आहे आणि ते तिच्या पोटात राहत नाही. नेत्राने कुठे रायाजीचं नाव घेतलं, की ती अडकित्ता बाजूला ठेवते.

“यो गोड बोलतोय त्याला भुलू नको गो. पुढं यो वाटनी करनार हाय.”

“आई!” जीवन आणि गोदू एकदमच ओरडतात. “सांगू नका ना!”

“न्हाय सांगत,” ठमाबाई म्हणते. नेत्रा जेमतेम दोन ओळी वाचते, तोच ती पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणते, “पन बायकोची चूक न्हवती हां त्यात. ते मना मागनं कलला.”